जुन्या इंजिनाचे सुटे भाग : ठेवावेत, विकावेत की मोडीत काढावेत?

वाशीम - दसरा-दिवाळीच्या साफसफाईत अडगळीची खोली उघडली, की गोणपाटात गुंडाळलेले एखादे जड गाठोडे हमखास हाती लागते. उलगडून पाहावे तर आत तेलाने काळे पडलेले पिस्टन, रिंगांचे अर्धवट संच, एखादा क्रँक, व्हॉल्व्ह, जुना सेल्फ आणि कधीकाळी बदललेले हेड. ज्या जीपसाठी हे सामान जपून ठेवले, ती विकून कित्येक वर्षे लोटलेली असतात. गाडी गेली, सामान मात्र राहिले. "कधी तरी कामाला येईल," असे म्हणत ते पुन्हा कोपऱ्यात जाते, किंवा भंगारवाल्याची हाक ऐकू आली, की विचार न करता सगळेच्या सगळे एका भावाने वजनकाट्यावर चढते. या दोन्ही मार्गांत नुकसान आहे. पहिल्यात जागा अडते आणि माल गंजतो. दुसऱ्यात चांगला माल मातीमोल होतो.

साठवण्यामागचे कारण

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी वाहनाच्या कागदपत्रांसाठी अकोला गाठावे लागे आणि इंजिनाच्या बारीकसारीक सामानासाठीही पुष्कळदा तीच वाट धरावी लागे. वाशीम ते अकोला हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. काळी-पिवळी जीप चालविणाऱ्याची गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाई बुडत असे. त्यामुळे इंजिन खोलल्यावर निघालेले सामान फेकून न देता, त्यातले निम्मे तरी अडीअडचणीला चालेल, या हिशेबाने ते घरी आणण्याची सवय लागली. त्या काळी ती शहाणपणाचीच होती.

आता परिस्थिती पालटली आहे. अम्बॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले. मुंबईत शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. काही गाड्यांचे सामान त्यामुळे निरुपयोगी ठरले, तर काहींचे दुर्मिळ आणि म्हणून मोलाचे झाले. कोणते कशात मोडते, हे ओळखणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

आधी ओळख, मग भाव

पहिले काम म्हणजे भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या इंजिनाचा आहे, हे निश्चित करणे. केवळ गाडीचे नाव पुरेसे नसते. अम्बॅसिडरचेच उदाहरण घेता येईल. तिचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे होते. नव्वदच्या दशकात तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले. शिवाय डिझेल इंजिन वेगळेच. "अम्बॅसिडरचा पिस्टन" एवढ्याच माहितीवर कोणीही गिऱ्हाईक पैसे देणार नाही. ओतीव भागावर उठावाने आलेला किंवा ठोकलेला भाग क्रमांक, कंपनीचे चिन्ह आणि पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकार रॉकेलने किंवा डिझेलने पुसून वाचावा आणि कागदावर उतरवून ठेवावा. पिस्टनवर ०.५० असा आकडा असेल, तर तो मूळ मापापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठा आहे, असा त्याचा अर्थ. मूळ मापाच्या बोअरमध्ये तो बसणार नाही.

ही ओळख पटल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत. वेष्टनातले, न वापरलेले भाग पहिल्या ढिगात. वापरलेले, परंतु मोजून पाहण्याजोगे भाग दुसऱ्यात. आणि उघडपणे तुटलेले, तडकलेले, खोल गंज चढलेले भाग तिसऱ्यात. तिसऱ्या ढिगाविषयी मोह धरू नये.

डोळ्यांवर नव्हे, मापावर विश्वास

दुसऱ्या ढिगातील सामानाचा निर्णय डोळ्यांनी होत नाही. सिलिंडरचा बोअर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पिस्टन क्षणभर थांबून परत फिरतो, तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ असतो आणि उष्णता सर्वाधिक. तिथेच झीज जास्त होते आणि बोटाला लागेल असा कंगोरा तयार होतो. खाली बोअर जवळपास मूळ मापाचा आणि वर रुंदावलेला, असा निमुळतेपणा त्यात येतो. क्रँकचे जर्नल एका बाजूने जास्त दाब सोसते आणि गोलाचे लंबगोल होते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. तो मायक्रोमीटर आणि बोअर गेजलाच कळतो. चांगल्या लेथच्या दुकानात ही मोजणी करून मिळते आणि तिचा खर्च चुकीचा भाग बसविण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो.

मोजल्यावर पुढचा मार्ग दिसतो. बोअर झिजला असेल, तर तो ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिलिमीटरच्या टप्प्याने मोठा करून त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा बसविता येतात. क्रँकच्या बाबतीत उलटे. जर्नल घासून बारीक करायचे आणि तेवढी जाड बेअरिंग बसवायची. मात्र प्रत्येक इंजिनाला या टप्प्यांची मर्यादा असते. शेवटच्या मापापर्यंत पोचलेला ब्लॉक नवा लायनर घातल्याशिवाय आणि शेवटच्या मापाचा क्रँक बहुतेक वेळा कशानेही उपयोगी पडत नाही. म्हणून "क्रँक आहे" यापेक्षा "क्रँक कोणत्या मापावर आहे" हा प्रश्न महत्त्वाचा.

तडा शोधण्याची एक जुनी रीत मिस्त्री मंडळी अजूनही वापरतात. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसे क्रँक दोरीने टांगून त्यावर हलकासा ठोका देतात. निर्दोष क्रँक घंटेसारखा घुमतो. तडकलेला बद्द आवाज देतो. ही प्राथमिक चाचणी आहे, अंतिम नव्हे. लोखंडी भागासाठी चुंबकीय आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडसाठी रंगद्रव्याची चाचणी करूनच खात्री करावी. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडबाबत आणखी एक पथ्य आहे. इंजिन एकदा जरी तापून बंद पडले असेल, तरी हेड वाकलेले असू शकते. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फट दिसते का, हे तपासावे.

जोडी मोडू नये

विकताना किंवा आवरताना सर्वाधिक नुकसान होते, ते जोड्या मोडल्यामुळे. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बसवूनच बोअर केलेली असते. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लावली, की ते भोक अचूक गोल राहत नाही. ब्लॉकच्या मेन बेअरिंगच्या कॅपचेही तसेच. त्या हरवल्या, तर चांगला ब्लॉकही भंगाराच्या किमतीला येतो. डिझेल पंपातील प्लंजर आणि बॅरल तर इतके बारकाईने एकमेकांत बसविलेले असतात, की त्यांची अदलाबदल करताच येत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट आणि त्यावर फिरणारे टॅपेट एकमेकांच्या सवयीने झिजलेले असतात. असे भाग तारेने एकत्र बांधून, क्रमांक घालून ठेवावेत. विकायचे तरी जोडीनेच विकावेत.

याउलट काही भागांना दुसरे आयुष्य नसतेच. हेडचे पॅकिंग एकदा दाबले गेले, की संपले. ऑइल सील, रबरी नळ्या आणि टायमिंग बेल्ट न वापरताही वर्षांनुवर्षांत कडक होतात, म्हणून वेष्टनातला जुना टायमिंग बेल्टही बसवू नये. अनेक आधुनिक इंजिनांत हेडचे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात. ते पुन्हा वापरायचे नसतात. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टबाबत तर काटकसरीचा विचारही मनात आणू नये.

हा इशारा आजच्या वाशीमला अधिक लागू आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला आहे. गावाच्या कच्च्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने निभावून गेलेले इंजिन तिथे तासन् तास ताशी १०० च्या पुढे चालविले जाते. इंजिनाचा वेग दुप्पट झाला, तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर येणारा जडत्वाचा ताण सुमारे चौपट होतो. अशा वेळी थकलेला बोल्ट तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, तेल रस्त्यावर सांडते आणि भरवेगातली गाडी एकाएकी शक्तिहीन होते. जुन्या बोल्टमध्ये वाचविलेल्या काही शे रुपयांची ही किंमत असू शकते.

गिऱ्हाईक कोण?

चांगल्या भागाला चार ठिकाणी मागणी असते. पहिले म्हणजे त्याच जातीची गाडी अजून चालविणारा मालक. तो गॅरेजवाल्यांच्या ओळखीतूनच सापडतो. दुसरे म्हणजे लेथ आणि इंजिनकामाची दुकाने. दुरुस्त होण्याजोगे क्रँक, हेड, ब्लॉक ते घेतात आणि तयार करून बदली तत्त्वावर देतात. सेल्फ, डायनमो आणि डिझेल पंप यांची कामे करणारे कारागीर वेगळे असतात. त्या वस्तू त्यांनाच दाखवाव्यात.

तिसरे गिऱ्हाईक म्हणजे जुन्या गाड्यांचे शौकीन. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी तरतूद केली. गाडी मूळ स्वरूपात असणे ही तिची अट आहे. त्यामुळे फियाट ११००, जुनी अम्बॅसिडर किंवा विलिस जीप यांचे मूळ, न वापरलेले भाग पुणे-मुंबईच्या शौकिनांना भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी अधिक किमतीचे वाटतात. कंपनीचे मूळ वेष्टन शाबूत असेल, तर तेही फाडू नये.

चौथा मार्ग पैशांचा नाही, तरी तो विचारात घ्यावा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम चालतात. रस्त्यावर न चालणारे, परंतु आकाराने शाबूत असलेले इंजिन तिथे मुलांना खोलून-बांधून शिकण्यासाठी उपयोगी पडते. तडकलेला ब्लॉकही कापून त्याची आतली रचना दाखविता येते. प्राचार्यांना पत्र देऊन, त्यांना गरज आहे का हे विचारून आणि पोच घेऊन असे सामान देता येईल.

विकण्याआधी नव्या भागाची किंमतही विचारून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. नवा भाग सहज आणि स्वस्त मिळत असेल, तर वापरलेल्याला गिऱ्हाईक मिळण्याची आशा धरून वर्षानुवर्षे थांबण्यात अर्थ नाही.

कायदा काय सांगतो?

पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ब्लॉकची गोष्ट वेगळी आहे, कारण इंजिन क्रमांक त्याच्यावर असतो आणि तो नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून दुसरे इंजिन बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन खात्याच्या कार्यालयात रीतसर अर्ज करावा लागतो. त्या इंजिनाची खरेदी पावती आणि मूळ गाडीचा तपशील हाताशी नसेल, तर गाडी पुढे विकताना किंवा अपघाताच्या विम्याचा दावा करताना अडचण उभी राहते.

ब्लॉक विकणाऱ्यानेही तेवढीच काळजी घ्यावी. घेणाऱ्याचे नाव-पत्ता, तारीख आणि इंजिन क्रमांक लिहिलेली सही असलेली पावती दोघांनीही ठेवावी. क्रमांक घासून टाकलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या तोडण्यासाठी कुख्यात ठरलेला मेरठचा सोतीगंज बाजार पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला, तेव्हा प्रामाणिक दुकानदारांनाही झळ बसली. कागद असणे हेच अशा वेळी संरक्षण ठरते.

घरामागे संपूर्ण गाडीच उभी असेल, तर प्रश्न निराळा होतो. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळविणे कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे. गाडी तोडून विकली आणि नोंदणी तशीच राहिली, तर कागदोपत्री मालक आपणच राहतो. केवळ १५ वर्षे झाली म्हणून आपल्याकडे खासगी गाडी मोडीत निघत नाही. योग्यता तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण होते. मात्र मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजारांवर नेण्यात आले.

नूतनीकरण नको असेल, तर सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राकडे गाडी सोपवावी. तिथे मिळणारे ठेव प्रमाणपत्र नवी गाडी घेताना सवलतीसाठी उपयोगी पडते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरणविषयक नियमांनी आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांच्या आत अशा केंद्राकडे देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. शेतीचे ट्रॅक्टर या नियमांतून वगळलेले आहेत. सुट्या भागांना मात्र असे प्रमाणपत्र मिळत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोडीत काढताना

तिसऱ्या ढिगाची वाट भंगाराच्या दुकानाकडे जाते. परंतु सगळे एका पोत्यात भरून देणे म्हणजे तांब्याचे पैसे लोखंडाच्या भावाने घेणे होय. जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. क्रँक आणि रॉड पोलादाचे, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे. सेल्फ आणि डायनमोच्या आत तांब्याची वेटोळी असतात. जुने रेडिएटर तांबे-पितळेचे असत, नवे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. घरातले साधे लोहचुंबक आणि कानस हाताशी असली, तर ही वर्गवारी तासाभरात होते. प्रत्येक धातूचा भाव निरनिराळा विचारावा आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. भाव रोज बदलतात, म्हणून दोन दुकानांत चौकशी केल्याशिवाय माल उतरवू नये. गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर कधीही लोखंडात घालू नये; त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो.

भंगार हा शब्द हिणकस वाटला, तरी उद्योगाच्या दृष्टीने तो कच्चा माल आहे. शेजारच्या मराठवाड्यात जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांत बिडाचे भंगार पुन्हा भट्टीत जाते आणि त्यातून नवे इंजिनभाग घडतात. अ‍ॅल्युमिनियम खनिजापासून काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत जुने अ‍ॅल्युमिनियम वितळवून वापरता येते. चार पिस्टनही म्हणूनच कचऱ्यात टाकू नयेत.

भाग धुताना निघालेले काळे तेल हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. एका वेळी बदललेले इंजिन ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. विहिरी आणि विंधन विहिरींच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या आपल्या जिल्ह्यात ते परसात ओतणे किंवा चुलीत जाळणे हे आपल्याच पिण्याच्या पाण्याशी आणि श्वासाशी वैर आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तेल पाठविणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे तिची पुढील व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. फार जुन्या पॅकिंगमध्ये आणि क्लचप्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती कोरडी घासू किंवा फुंकरीने साफ करू नयेत; ओली करून, पिशवीत बंद करून वेगळी ठेवावीत.

ठेवायचेच असेल तर

पूर्ण विचारांती काही भाग ठेवायचे ठरले, तर ते जपण्याची रीत पाळावी. पावसाळ्यातील दमट हवा यंत्रावर घासून आरशासारख्या केलेल्या पृष्ठभागाची वैरी आहे. भाग स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर ग्रीस किंवा घट्ट तेलाचा थर द्यावा आणि तेलकट कागदात गुंडाळावा. लांब क्रँक आडवा, दोन टोकांवर तोलून वर्षानुवर्षे ठेवू नये. उभा बांधून ठेवावा. गोणपाट ओलावा धरून ठेवतो, म्हणून ते टाळावे. प्रत्येक गाठोड्यावर गाडी, माप आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी आणि शेवटची तारीखही आधीच ठरवावी. दोन दिवाळ्या उलटल्या आणि त्या भागाची आठवणही झाली नाही, तर तो ज्याला हवा आहे त्याच्या हाती गेलेला बरा.

खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाने-पंचे मांडून त्यांची पूजा होते. ज्या इंजिनाने घर चालविले, त्याच्या सामानाविषयी मनात ओलावा असणे स्वाभाविकच आहे. एखादा पिस्टन आठवण म्हणून टेबलावर ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी. उरलेल्याचा निर्णय मात्र माप, कागद आणि वजनकाटा यांच्या साक्षीने व्हावा.

हे लक्षात ठेवा

* भाग क्रमांक आणि माप लिहून घेतल्याशिवाय विकू नका किंवा टाकू नका.
* रॉड-कॅप, प्लंजर-बॅरल, कॅमशाफ्ट-टॅपेट या जोड्या मोडू नका.
* पॅकिंग, सील, टायमिंग बेल्ट, रॉडचे बोल्ट जुने वापरू नका.
* ब्लॉकच्या व्यवहारात इंजिन क्रमांकासह पावती ठेवा.
* बीड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, तांबे यांचे वजन वेगवेगळे करा.
* इंजिनकाम झाल्यावर काढलेले भाग गॅरेजवाल्याकडून मागून पाहा. काय बदलले याचा तो पुरावा आहे.